दोरी सैल असताना

दुपारचं जेवण झालं की मी पुढच्या खोलीतल्या कॉटवर पडतो. झोप लागतेच असं नाही. डोळे मिटलेले असतात आणि कान जागे असतात. स्वयंपाकघरात तृप्ती भांडी पालथी घालते, तो आवाज आधी लांब जातो. मग पंख्याचा. सगळ्यात शेवटी राहतो तो व्हरांड्यातल्या फरशीवर वाजणाऱ्या नखांचा आवाज. टक टक टक, दारापर्यंत. टक टक टक, परत. ती खारीक. आमची कुत्री.

तुम्हाला आधी तिच्याबद्दल सांगायला हवं. खारीक मुधोळ जातीची. लांब पाय, खपाटीला गेलेलं पोट, रंग खारकेसारखा. सात महिन्यांची आहे म्हणून पिलूच म्हणायचं, पण मागच्या पायांवर उभी राहिली की तिचे पंजे माझ्या खांद्यावर येतात. माझ्या मुलाने, अभिनंदनने, तिला आणली तेव्हा ती त्याच्या सॅकमध्ये मावली होती. तो मोजणी खात्यात होता. गडहिंग्लजच्या आसपासच्या गावांत दिवसभर रानं मोजत हिंडायचा. कुठल्याशा धनगराने दिली म्हणाला. रोज सकाळी आणि संध्याकाळी तोच तिला फिरवायचा. तिला चालायला शिकवत होता. शिकवून पूर्ण व्हायच्या आत तो गेला. तीन महिने झाले. त्रेचाळीस वर्षांचा होता. चहाचा कप खाली ठेवला, टेबलावर डोकं टेकलं, आणि तेवढंच.

त्यानंतर तिला फिरवायचं काम माझ्याकडे आलं. ती ओढते. नुसती ओढत नाही, माझ्या पायांपुढून आडवी जाते, दोरीचा फास माझ्या गुडघ्यांना पडतो, आणि मग दोघेही गल्लीभर नाचतो. पिठाच्या गिरणीवाल्याने एकदा विचारलंही, गुरुजी, कोण कोणाला फिरवतंय. मी हसलो. पण दिवाळीच्या सुट्टीत तिने माझ्या नातीला, ईशिताला, फरफटत नेलं, पोरीची दोन्ही कोपरं सोलली. आणि मागच्या रविवारी मी स्वतः गिरणीसमोर आडवा झालो. गुडघा अजून सुजलेला आहे.

तृप्ती माझी सून. ती रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. तिने हळद लावली, गुडघा बांधला आणि खाली बघत म्हणाली, "अण्णा, या घरात अजून कोणी पडलेलं मला आता झेपायचं नाही." नेसरीकडच्या एका ओळखीच्या शेतकऱ्याशी तिने बोलून ठेवलं होतं. येत्या रविवारी तो खारकेला घेऊन जाणार. तिथे मोकळं रान आहे, दोरीची गरज नाही. तृप्तीचं काहीच चुकत नाही.

मी तिच्याकडून रविवारपर्यंतची मुदत मागून घेतली. छत्तीस वर्षं मी पहिलीचा वर्ग घेतला आहे. पाटीवरची पेन्सिल खाणारी, खिडकीतून पळणारी, दोन महिने एक शब्दही न बोलणारी पोरं मी लिहिती-वाचती केली. एकाही पोराला हाकलून दिलं नाही. म्हटलं, हिला चार पावलं सरळ चालायला शिकवू शकत नाही म्हणजे काय. आज गुरुवार. ती काहीही शिकलेली नाही.

आणि मला ती जायला नको आहे. तिच्या अंगावरून त्याचा हात फिरलेला आहे. तसा तो घरातल्या खुर्चीलाही लागलेला आहे, दाराच्या कडीलाही. पण त्या वस्तूंना ते आठवत नाही.

टक टक टक. दारापर्यंत. मग नखं थांबतात.

फाटकाची कडी वाजते. आमचं फाटक थोडं उचलून ढकलावं लागतं, नाहीतर फरशीला घासतं. जो कोणी आला आहे त्याला ते माहीत आहे.

मी डोळे उघडत नाही, तरी मला दिसतं. अभिनंदन व्हरांड्यात उभा आहे. बुटांना शेतातला चिखल. उजव्या हाताने तो खारकेच्या कानामागे खाजवतो आहे. डावा हात शर्टाच्या आत आहे, दुसऱ्या आणि तिसऱ्या बटणांच्या मधून पोटाशी धरलेला. मी ते बघतो आणि विचारत नाही.

"अण्णा, झोपलाय होय?"

"नाही, पडलोय नुसता."

"मग चला की. तिची वेळ झाली."

तो गेलेला आहे हे मला ठाऊक आहे. पण घरी आलेल्या माणसाला तसं बोलून दाखवणं बरं दिसणार नाही, असंही वाटतं आहे. मी उठतो. गुडघा दुखत नाही. दोरी माझ्या उजव्या हातात कधी आली ते कळत नाही. खारीक माझ्या उजव्या बाजूला आहे आणि आम्ही गल्लीत आहोत.

गल्ली आमचीच आहे, पण घरांची दारं बुटकी आहेत, माझ्या कमरेएवढी. गिरणी चालू आहे आणि तिचा आवाज येत नाही. पीठ मात्र हवेतून हळूहळू खाली येत आहे. खारीक चार पावलं चालते, मग माझ्या पुढून आडवी होते. मी तिला ओढून उजवीकडे आणतो. ती पुन्हा जाते. मी पुन्हा ओढतो. तिच्या गळ्यातून खरखर आवाज येतो.

अभिनंदन शेजारी नाही. मागे वळून बघतो तर तो दहा पावलांवर आहे. मी थांबलो की तोही थांबतो.

मी त्याला बरोबर यायला सांगतो. तो नकाराची मान हलवतो. म्हणतो, ही शाळेची वाट आहे.

आहे खरी. मला आता आठवतं. तो माझ्याच शाळेत होता, माझ्याच वर्गात. गुरुजींचा पोरगा म्हणून त्याचे लाड होतात असं कुणी म्हणू नये यासाठी मी नियम केला होता. तीन रस्ते मिळतात त्या तिकटीपर्यंत त्याने माझं बोट धरून यायचं. तिकटी आली की बोट सोडायचं आणि दहा पावलं मागून चालायचं. शाळेत मला अण्णा म्हणायचं नाही, गुरुजी म्हणायचं. मी त्याला नावाने हाक मारत नसे, आडनावाने मारत असे. मगदूम, उभा राहा. सात वर्षांचा मगदूम उभा राहायचा. दुसऱ्या पोराने पाटी फोडली तर मी तुकडे उचलायला मदत करत असे. त्याने फोडली तर तो दिवसभर अंगठे धरून उभा. लोक म्हणत, मगदूम गुरुजी सगळ्यांना सारखं बघतात. मला ते ऐकायला आवडायचं.

वळण संपतं तिथे गल्ली नाही, शाळेचा व्हरांडा आहे. पोरांच्या चपला ओळीने काढलेल्या. खारकेची नखं शहाबादी फरशीवर वाजतात. आत वर्ग भरला आहे. कुणी दिसत नाही, पण बाराखडीचा आवाज येतो आहे, लांबून, विहिरीत बोलल्यासारखा. अभिनंदन माझ्या आधी आत गेला आहे. तो पहिल्या बाकावर बसला आहे. बाक लहान, त्याचे गुडघे छातीला लागलेले. केस कानाजवळ पांढरे झालेत. डावा हात शर्टाच्या आत.

आता विचारायची गरज नाही. तो हात तिथे मी ठेवायला लावला होता.

तो डावखुरा होता. तेव्हा आम्ही ती खोड समजत असू. डाव्या हाताने जेवू नये, प्रसाद घेऊ नये, श्री काढू नये. पण खरं सांगायचं तर त्या वर्षी माझ्या वर्गात डावरी पोरं आणखी दोन होती. एका सुताराची मुलगी आणि एक कुंभाराचा मुलगा. दोघांनाही मी डाव्या हाताने लिहू दिलं. मला वाटलं, अक्षर तर येतंय, मग कशाला लहान जिवाला त्रास. एवढी समज मला तेव्हाही होती. फक्त माझ्याच मुलाच्या बाबतीत मी ती वापरली नाही. गुरुजींचा पोरगा डाव्या हाताने लिहितो, असं कुणी म्हटलेलं मला चाललं नसतं. वर्गात यायचं ते डावा हात शर्टात घालूनच. वर्षभर. बाहेर दिसला की पट्टी. पुढे तो उजव्या हाताने लिहायला लागला. अक्षर शेवटपर्यंत वेडंवाकडं राहिलं. बाकी सगळं त्याने डाव्या हातानेच केलं. त्याबद्दल तो कधी बोलला नाही, मीही बोललो नाही. मोठा झाल्यावर त्याच्या डाव्या हाताकडे बघायचं मी टाळत आलो. जेवताना, हातोडी मारताना, ईशिताला उचलून घेताना. छत्तीस वर्षांत मला एक गोष्ट चांगली जमली, न बघणं.

मी फळ्याजवळ उभा आहे आणि बोलायला तोंड उघडतो. बाहेर येतं ते भलतंच.

"ही फार ओढते रे."

"ओढत नाही, अण्णा. जागा शोधते."

"कसली जागा?"

तो बाकावरून उठतो आणि दाराबाहेर पाऊल टाकतो, आणि दाराबाहेर ऊस तुटलेलं रान आहे. पाचट पसरलेलं. लांबवर मोजणीची लाल-पांढरी काठी रोवलेली. ऊन आहे, पण कशाचीच सावली पडलेली नाही. तो आता माझ्या बरोबरीने चालतो आहे. हे मला इतकं बरं वाटतं की मी वळून बघत नाही, न जाणो मागे पडला तर.

तो शिकवू लागतो. मोजणी समजावून सांगावी तसा, सावकाश. दोरी ताठ झाली की थांबायचं. झटका द्यायचा नाही. ओरडायचं नाही. झाडासारखं नुसतं उभं राहायचं. तिला वाटेल तितका वेळ लागू दे. ओढून काही मिळत नाही हे तिचं तिला कळलं की ती मान वळवून बघेल. बघितलं की दोरी आपोआप सैल होते. मग चालायचं.

"हे मला येतंय की," मी म्हणतो. "पोरांना असंच शिकवलं मी जन्मभर."

"माहीत आहे," तो म्हणतो. "पहिल्या बाकावरून बघत होतो."

त्याच्या बोलण्यात राग नाही. रान कुठवर आहे ते सांगावं तसं सांगितलं त्याने. मी चालत राहतो. पाचट पायाखाली वाजत नाही.

मग पाचट ओलं होतं, आणि आम्ही हिरण्यकेशी नदीच्या काठावर आहोत. पाणी कमी आहे. घाटाच्या पायऱ्या नेहमीपेक्षा जास्त आहेत, खाली खाली जाणाऱ्या. अभिनंदन पुढे झाला आहे. चार पावलं, मग सहा. मी भराभर पाय उचलतो. त्याला सांगायचं खूप आहे. ईशिताने सायकल शिकायची थांबवली आहे. तृप्ती चहा करते तेव्हा अजूनही तीन कप काढते आणि एक परत ठेवते. त्याच्या कपाटाची किल्ली सापडत नाही. हे सगळं मी चालता चालता सांगतो, आणि सांगता सांगता म्हणतो की आता घरी चल, खूप झालं.

हाताला हिसका बसतो. दोरी ताठ झाली आहे.

मी खारकेकडे बघतो. ती दोरीला नाही. ती माझ्या मागे पायरीवर शांत बसली आहे. दोरी माझ्या मनगटात आहे, आणि तिचं दुसरं टोक अभिनंदनच्या उजव्या हातात. ओढतो आहे तो मी.

तो थांबला आहे. पाठमोरा. हलत नाही. मी आणखी जोर लावतो, पाय घसरतात, मी त्याला नावाने हाक मारतो, ज्या नावाने शाळेत कधी मारली नाही. तो उभा आहे. झटका देत नाही, ओरडत नाही. झाडासारखा उभा आहे. मी किती वेळ ओढतो ते मला सांगता येणार नाही. नदी तेवढ्यात थोडी वर आलेली असते.

शेवटी माझाच हात दमतो. दोरी खाली येते.

तेव्हा तो मान वळवून बघतो.

"आता बरोबर," तो म्हणतो.

आमच्यामध्ये दोरी सैल लोंबते आहे. मी एक पायरी उतरतो. तो थांबून राहतो. मी आणखी एक उतरतो, आणि त्याच्यासमोर उभा राहतो. तो माझ्यापेक्षा उंच आहे, हे मी विसरलो होतो.

"हात बाहेर काढ," मी म्हणतो.

"वर्ग सुटला, गुरुजी?"

"केव्हाच सुटला. सांगायला विसरलो मी."

खारीक मागे जांभई देते. अभिनंदन नुसता बघतो. स्वप्नातसुद्धा मला माझंच ते वाक्य खोटं ऐकू येतं, पोरं खोटं बोलली की वर्गात यायचं तसं.

"विसरलो नव्हतो," मी म्हणतो. "लाज वाटत होती."

तो बटणांमधून हात बाहेर काढतो. सावकाश, जड काही उचलावं तसा. एवढ्या मोठ्या माणसाच्या मनगटापुढे सात वर्षांच्या मुलाचा हात आहे. नखं कुरतडलेली. बोटांना पेन्सिलीची पांढरी भुकटी. वर्षभर उन्हात न आलेला हात कसा दिसतो ते मी तेव्हा पाहिलं नव्हतं. आता बघतो. नीट, न टाळता बघतो. माझ्या डोळ्यांतून पाणी येतं, आणि तो मोठेपणी हसायचा तसा हसतो, एका बाजूने.

"मी तिला या हातात धरायचो, अण्णा. ती डावीकडून चालायला शिकली आहे. तुम्ही तिला उजवीकडे ओढता, ती आपल्या जागेला जायला बघते."

"मग मला आधी का नाही सांगितलंस?"

"तुम्ही या हाताकडं बघायचा नाही ना."

त्या लहान हाताने तो माझं डावं मनगट धरतो. पकड घट्ट आहे, फळ्यावर पहिल्यांदा अक्षर काढणारं पोर खडू धरतं तशी. माझ्या उजव्या हातातली दोरी काढून डाव्या हातात ठेवतो, बोटं मिटवून देतो. मी म्हणतो की आणखी थोडं चालू, पलीकडच्या पायरीपर्यंत. तो म्हणतो, पुढे घसरडं आहे, तुमचा गुडघा आहे. खारीक उठते, पाठीमागून वळसा घालून माझ्या डाव्या बाजूला येऊन उभी राहते. तो आपल्या हातातलं दोरीचं टोक तिच्या गळ्यात अडकवतो. ती त्याच्याकडे बघते आहे. मला वाटतं, आता झेप घेईल. मी पाय रोवतो.

ती ओढत नाही. तो पायऱ्या उतरतो. आम्ही दोघं उभी आहोत आणि दोरी सैल आहे.

पंख्याचा आवाज येतो. मग भांड्याचा.

मी कॉटवर उताणा आहे. डावा हात बाहेर लोंबतो आहे. भिंतीवरचं ऊन खिडकीच्या गजांवरून खाली आलं आहे, म्हणजे चार वाजत आले. गुडघा ठणकतो. तृप्ती चहा घेऊन उभी आहे. माझ्या डोळ्यांकडे बघून ती न बघितल्यासारखं करते, स्टुलावर कप ठेवते आणि मग तिची नजर खाली थांबते.

"अण्णा, हाताला काय लागलंय?"

मी हात वर उचलतो. डाव्या मनगटावर आतल्या बाजूला पांढरे चार डाग आहेत, एकाशेजारी एक. बाहेरच्या बाजूला एक, अंगठ्याचा. अगदी लहान. ती पदराचं टोक ओलं करून पुसायला वाकते. मी हात मागे घेतो.

"राहू दे."

"पीठ आहे होय?"

"पाटीवरची पेन्सिल आहे."

घरात पाटी नाही. ईशिताच्या शाळेत पहिलीपासून वह्या आहेत, हे तृप्तीला माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे. ती त्या बोटांच्या ठशांकडे बराच वेळ बघते. मग कॉटच्या कडेवर बसते. माझ्याकडे येऊन ती असं कधी बसत नाही.

मी तिला सांगतो की त्याला मी वर्षभर एक हात शर्टात घालून बसवलं होतं. हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. ती म्हणते, "मला माहीत होतं." तिला त्याने लग्नाच्या पहिल्याच वर्षी सांगितलं होतं, आणि अण्णांना कधी विचारू नकोस असंही सांगितलं होतं. मग ती म्हणते की तो थंडीत झोपेत हात तिथेच ठेवायचा.

चहा गार होतो. आम्ही दोघंही पीत नाही.

"दोरी दे," मी म्हणतो. "तिला घेऊन फाटकापर्यंत जाऊन येतो. तू बघ. नाहीच जमलं तर रविवारी पाठवू."

ती उठून दोरी आणते. सवयीने माझ्या उजव्या हाताशी धरते. मी डावा पुढे करतो.

व्हरांड्यात खारीक उभी आहे. मी दोरी अडकवतो आणि तिला काहीच सांगत नाही. ती माझ्या पाठीमागून वळसा घालते, डाव्या बाजूला येऊन थांबते, आणि मान वर करून माझ्या चेहऱ्याकडे न बघता आधी मनगटाला नाक लावते. हुंगते. पुन्हा हुंगते. चाटत मात्र नाही.

मी हात स्थिर धरून उभा राहतो. दोरी सैल आहे. ते पाच पांढरे डाग अजून तसेच आहेत.